गर्दी मोजणारा एआय, नाव वगळणारा एआय : चुकलं तर उत्तर कोण देणार?

सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीत एआयचं नाव सतत ऐकू येतंय. दुसरीकडे सरकारी योजनांच्या याद्याही सॉफ्टवेअरच्या चाळणीतून जाताहेत. यंत्राच्या या कामावर विश्वास कधी ठेवायचा आणि त्याआधी कोणते प्रश्न विचारायचे, हे समजून घेऊ या.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ला, दुसरं ३१ ऑगस्टला आणि तिसरं नाशिकमध्ये ११, तर त्र्यंबकेश्वरमध्ये १२ सप्टेंबरला. म्हणजे सगळा खेळ भर पावसाळ्यात, गोदावरीला पाणी असताना आणि पंचवटीतल्या त्याच जुन्या गल्ल्यांमध्ये. कुंभमेळ्यासाठी राज्य सरकारने कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण उभं केलं आहे आणि गर्दी नियंत्रणासाठी एआयचा वापर होणार, असंही सांगितलं आहे.

एआय वापरायचा की नाही, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. वाद असायला हवा तो कुठला एआय, कशासाठी आणि कोणाच्या जबाबदारीवर, याचा. कारण ‘एआय’ या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळी यंत्रं येतात. एक गर्दी मोजतं. दुसरं माणसाला ओळखतं, वेगळं काढतं, कधी यादीतून बाहेरही टाकतं. पहिल्याची चूक आणि दुसऱ्याची चूक सारखी नसते.

२००३मध्ये नाशिकमध्ये काय घडलं होतं?

२७ ऑगस्ट २००३. शाही स्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर, सरदार चौक परिसरात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविकांचा जीव गेला. मिरवणुकीत उधळलेली नाणी वेचायला लोक वाकले आणि मागून रेटा आला, असं तेव्हाच्या बातम्यांमध्ये आलं होतं. चौकशीसाठी रमणी आयोग नेमला गेला. नाशिकमध्ये आजही कुंभाचं नियोजन म्हटलं की जुनेजाणते लोक आधी त्या दिवसाबद्दल बोलतात.

गर्दीचा अभ्यास करणारे एक साधं माप वापरतात : एका चौरस मीटरमध्ये किती माणसं? चार माणसं असली तर दाटी होते, पण चालता येतं. आकडा सहा-सातकडे गेला की पाऊल कुठे टाकायचं हे माणसाच्या हातात राहत नाही. गर्दी पाण्यासारखी वाहू लागते आणि एका टोकाला बसलेला धक्का दुसऱ्या टोकापर्यंत जातो. अशा घटनांमध्ये बरेच मृत्यू तुडवलं गेल्याने होत नाहीत. छातीवर दाब येऊन, उभ्या-उभ्या श्वास कोंडून होतात.

आता अडचण अशी, की हे माप गर्दीत उभ्या असलेल्या पोलिसाला दिसत नाही. त्याला फक्त समोरचे खांदे दिसतात. उंचावरचा कॅमेरा आणि त्यामागचं सॉफ्टवेअर मात्र दर काही सेकंदांनी घनता मोजू शकतं आणि ‘या चौकात आकडा वाढतोय’ असा इशारा देऊ शकतं. कुंभात एआयचा खरा उपयोग हा आहे आणि तो मोठा आहे. त्यासाठी कोणाचंही नाव, चेहरा, आधार क्रमांक लागत नाही.

चेहरा न पाहता गर्दी मोजता येते?

येते, आणि त्याचं उदाहरण नाशिकमध्येच आहे. २०१५च्या कुंभाआधी ‘कुंभथॉन’ नावाचा उपक्रम इथे झाला. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक असलेले रमेश रास्कर त्यामागे होते. त्यातून पुढे आलेल्या प्रकल्पांपैकी एक म्हणजे ‘आशिओतो’. या जपानी शब्दाचा अर्थ पावलांचा आवाज. नाशिकचाच नीलय कुलकर्णी हा तेव्हा शाळकरी वयाचा होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाबाची नोंद घेणारी चटई तयार केली. ती वाटेवर अंथरायची, लोक तिच्यावरून चालत जाणार आणि किती पावलं पडली यावरून किती माणसं पुढे गेली हे कळणार. नीलयने नंतर टेडच्या व्यासपीठावर ही गोष्ट सांगितली.

या चटईकडे आज पुन्हा पाहायला हवं. तिला हवं होतं तेवढंच ती टिपायची. चालणारा कोण, कुठल्या गावचा, कोणत्या आखाड्याचा भक्त, हे तिला कळूच शकत नव्हतं. त्यामुळे माहिती चोरीला जाण्याचा किंवा दुसऱ्याच कामासाठी वापरली जाण्याचा प्रश्नच येत नव्हता. आज परिषदांमध्ये ‘विश्वासार्ह एआय’वर मोठमोठी भाषणं होतात. त्यातलं पहिलं तत्त्व, म्हणजे कामापुरतीच माहिती घ्या, ते नाशिकच्या एका मुलाच्या चटईत आपोआप आलं होतं.

मग प्रयागराजमध्ये एआय असून काय झालं?

२०२५च्या महाकुंभात प्रयागराजमध्ये २,७००हून अधिक कॅमेरे होते, त्यापैकी ३००हून अधिक एआयच्या मदतीने गर्दी मोजणारे. नियंत्रण कक्षही होता. तरीही २९ जानेवारीच्या पहाटे, मौनी अमावस्येला, संगमाजवळ चेंगराचेंगरी झाली. सरकारी आकड्यानुसार तिथे ३० भाविकांचा मृत्यू झाला.

यावरून ‘एआय फुकट गेला’ असं म्हणणं सोपं आहे. पण ते पूर्ण खरं नाही. कॅमेरा इशारा देतो, बॅरिकेड उघडत नाही. पडद्यावर लाल ठिपका दिसल्यापासून घाटावरच्या हवालदाराने दोर ओढेपर्यंत मध्ये बरीच माणसं असतात : पडदा पाहणारा, वरिष्ठांना विचारणारा, वायरलेसवर बोलणारा, ऐकणारा. आणि त्यातल्या कोणाला तरी ‘आता येणारा लोंढा थांबवा’ असं म्हणण्याचा अधिकार असावा लागतो. व्हीआयपी येणार असो वा आखाड्याची मिरवणूक सुरू असो, तेव्हाही.

त्यामुळे नाशिकने किती कॅमेरे लावले हा आकडा मला तितका महत्त्वाचा वाटत नाही. घनता अमुक आकड्याच्या वर गेली तर कोण, किती मिनिटांत, काय बंद करणार, हे आधी लिहून ठेवलं आहे का, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. आणि अमृतस्नानाआधी रामकुंडावर त्याची रंगीत तालीम झाली आहे का, हाही.

मोजणं आणि ओळखणं यात एवढा फरक का?

गर्दी मोजताना सॉफ्टवेअरने ९,००० ऐवजी ९,३०० म्हटलं तर फार बिघडत नाही. चेहरा ओळखताना मात्र प्रत्येक चुकीमागे एक माणूस असतो. थोडा हिशोब करू.

समजा, एक कोटी भाविकांचे चेहरे तपासले. पोलिसांच्या यादीत ५०० गुन्हेगार आहेत. सॉफ्टवेअर दर हजार माणसांमागे फक्त एकदा चुकतं, म्हणजे ९९.९ टक्के बरोबर. ऐकायला उत्तम. पण एक कोटीत हजाराला एक म्हणजे १०,००० निरपराध माणसांवर चुकीचा इशारा. यादीतले ५००च्या ५०० गुन्हेगार आले आणि सगळे सापडले असं धरलं, तरी दर २१ इशाऱ्यांपैकी २० चुकीचे. घाटावर ओल्या कपड्यांत उभ्या असलेल्या कुणा म्हाताऱ्याला बाजूला घेऊन ‘तू कोण’ असं विचारलं जाणार, ते या २० जणांपैकी असण्याची शक्यता जास्त.

हे आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत. खऱ्या यंत्रणेत चुकीचं प्रमाण किती ठेवायचं, हे वापरणारा ठरवतो. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरातून असं समोर आलं होतं, की ८० टक्क्यांच्या वर साम्य असेल तर ते ‘जुळलं’ असं धरतात. हा ८०चा आकडा कोणी ठरवला, का ठरवला? तो ९५ केला तर किती निरपराध वाचतील आणि किती आरोपी निसटतील? हे गणित तांत्रिक दिसतं. खरं तर तो धोरणाचा निर्णय आहे, पण तो अनेकदा सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये लपलेला असतो.

अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २०१९मध्ये अनेक कंपन्यांची चेहरा ओळखणारी सॉफ्टवेअर्स तपासली होती. चुकीचा माणूस ‘जुळण्याचं’ प्रमाण सगळ्यांच्या बाबतीत सारखं नव्हतं. स्त्रियांच्या बाबतीत आणि आफ्रिकी व आशियाई वंशाच्या अनेक गटांच्या बाबतीत ते जास्त होतं. म्हणून परदेशात चाचणी झालेलं सॉफ्टवेअर आणलं, एवढं पुरत नाही. आपल्याकडच्या चेहऱ्यांवर ते पुन्हा तपासावं लागतं.

याच तंत्राचा चांगला उपयोगही आहे. कुंभात माणसं हरवतात, आणि हरवलेल्या आजीला मुलापर्यंत पोहोचवायला फोटो जुळवणारं सॉफ्टवेअर खरंच कामाचं आहे. तिथे नातेवाईक स्वतःहून फोटो देतात, हेतू स्पष्ट असतो, आणि माणूस सापडला की फोटो पुसता येतो. तो पुसला जातो का, एवढंच विचारायचं.

हा प्रश्न फक्त कुंभापुरता आहे का?

अजिबात नाही. कुंभ काही महिन्यांचा. सरकारी कामकाजात शिरलेली यंत्रं मात्र कायम राहणार आहेत. डिसेंबर २०२५मध्ये ‘महाक्राइमओएस एआय’ ही तपासात मदत करणारी यंत्रणा राज्यातल्या १,१०० पोलिस ठाण्यांपर्यंत नेण्याची घोषणा झाली. त्याआधी फेब्रुवारीत ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सअॅपवर आणण्यासाठी मेटा कंपनीशी करार झाला. जूनमध्ये मंत्रिमंडळाने शेतीसाठी ‘महाअॅग्री-एआय’ धोरण मंजूर केलं, त्यासाठी ५०० कोटी रुपये ठेवले.

पण घराघरात जाणवलेलं उदाहरण वेगळंच आहे : लाडकी बहीण योजना. जुलै २०२५मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी जाहीर केलं, की माहिती तंत्रज्ञान विभागाच्या पडताळणीत २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र दिसत असून जूनपासून त्यांचा लाभ तात्पुरता थांबवला आहे. काही जणी एकाहून अधिक योजनांचा लाभ घेत होत्या, काही कुटुंबांत दोनपेक्षा जास्त लाभार्थी होत्या, आणि काही ठिकाणी तर पुरुषांनीच अर्ज केले होते. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शहानिशा होऊन पात्र ठरणाऱ्यांचा लाभ पुन्हा सुरू होईल, असंही सांगण्यात आलं.

काटेकोरपणे पाहिलं तर हा एआय नव्हे. वेगवेगळ्या विभागांच्या याद्या एकमेकींशी ताडून पाहणं, एवढंच. पण सामान्य माणसाच्या दृष्टीने फरक काय? महिन्याचे १,५०० रुपये आले नाहीत आणि कारण विचारायला गेलं की खिडकीवरून उत्तर मिळतं : ‘सिस्टीमने नाव काढलं.’ गैरप्रकार पकडायलाच हवेत, त्यात वाद नाही. प्रश्न क्रमाचा आहे. आधी पैसे थांबवायचे आणि मग शहानिशा करायची, की आधी शहानिशा आणि मग निर्णय? या प्रकरणात पहिला क्रम निवडला गेला. ज्या घरात हे पैसे औषधाला किंवा मुलांच्या वह्यांना जातात, तिथे मधले महिने कसे काढायचे याचं उत्तर सॉफ्टवेअरकडे नसतं.

पुढे ई-केवायसी आली. तिच्या फॉर्ममध्ये चुकीचा पर्याय निवडला गेल्यामुळे अनेक महिलांचा लाभ अडकला आणि अखेर अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करण्याचं ठरलं. म्हणजे यंत्राने घातलेला गुंता सोडवायला पुन्हा गावातलीच बाई लागली, जी घर ओळखते आणि घरातली माणसंही.

गंमत म्हणजे त्याच सेविकेला दुसरीकडे यंत्रापुढे उभं केलं आहे. १ जुलै २०२५पासून अंगणवाडीतून घरी दिल्या जाणाऱ्या पोषण आहारासाठी ‘पोषण ट्रॅकर’ अॅपवर लाभार्थीचा चेहरा जुळवणं बंधनकारक झालं. नेटवर्क नाही, मोबाइल जुना, आधारला जोडलेला नंबर बदललेला, अशा तक्रारी सेविकांच्या संघटनांनी मांडल्या. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या डोंगरातल्या पाड्यांवर ज्यांनी मोबाइलची रेंज शोधली आहे, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. गरोदर बाईला सेविका वर्षभर ओळखत असते. अॅपने ओळखलं नाही तर कोणाचं खरं धरायचं?

नाव जुळलं म्हणजे माणूस तोच का?

तेलंगणाचं उदाहरण पाहा. तिथे ‘समग्र वेदिका’ नावाची यंत्रणा वेगवेगळ्या सरकारी नोंदी जोडून एका कुटुंबाचं चित्र तयार करते. त्यात नावसाधर्म्यामुळे एका रिक्षाचालकाच्या नावावर दुसऱ्याच कोणाची कार लागली आणि त्याच्या कुटुंबाचं रेशन अडकलं, हे २०२४च्या सुरुवातीला पत्रकारांच्या तपासात समोर आलं. त्या राज्यात १८ लाखांहून अधिक रेशनकार्डं रद्द झाली होती. एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द झालेल्या कार्डांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन फेरतपासणी करायला सांगितलं.

हरियाणात तर सप्टेंबर २०२२मध्ये १०२ वर्षांच्या एका आजोबांनी वाजतगाजत वरात काढली. कारण सरकारी नोंदीत ते मृत दाखवले गेले होते आणि पेन्शन बंद झाली होती. जिवंत असल्याचा पुरावा म्हणून नवरदेवासारखी वरात! बातमी देशभर गाजली, लोक हसले. पण ज्यांच्याकडे बँड लावायला पैसे नसतात, त्यांची बातमी होत नाही.

महाराष्ट्रात नावं जुळवणं आणखी अवघड. माहेरचं नाव आधारवर, सासरचं रेशनकार्डावर, बँकेत तिसरंच. एका गावात एकाच आडनावाची निम्मी वस्ती. मराठीतून इंग्रजीत जाताना प्रत्येक कारकुनाची स्पेलिंगची वेगळी पद्धत. अशा नोंदींवर सॉफ्टवेअर चालवलं की ‘९५ टक्के साम्य’ असा आत्मविश्वासाने भरलेला आकडा बाहेर पडतो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये ९५ टक्के अचूकता आली की आम्ही कॅन्टीनमध्ये पार्टी करायचो. उरलेले पाच टक्के कोण, असं व्हायव्हात परीक्षकांनीही कधी विचारलं नाही.

हे केवळ आपल्याकडेच होतं असं नाही. नेदरलँड्समध्ये मुलांच्या संगोपनासाठीच्या अनुदानात फसवणूक शोधताना हजारो पालकांना चुकीने दोषी धरलं गेलं. संशयितांची निवड करणाऱ्या यंत्रणेत नागरिकत्व हाही एक निकष होता. अनेक कुटुंबं कर्जात बुडाली, आणि जानेवारी २०२१मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. ऑस्ट्रेलियात ‘रोबोडेट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेत संगणकाने सरासरी उत्पन्न काढून गरिबांना थकबाकीच्या नोटिसा पाठवल्या. तिचा हिशोबच बेकायदा ठरला आणि २०२३मध्ये चौकशी आयोगाने ताशेरे ओढले. या दोन्ही देशांत नेटवर्कची अडचण नव्हती, नोंदी चांगल्या होत्या. चूक सांगायला गेलेल्या माणसाचं कोणी ऐकत नव्हतं, ही अडचण होती.

शेतकऱ्याला बॉटने चुकीचा सल्ला दिला तर?

राज्याच्या कृषी विभागाचं ‘महाविस्तार’ अॅप मराठीत प्रश्नांची उत्तरं देतं. चांगली सोय आहे. पण निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला चुकीची फवारणी किती महागात पडते हे वेगळं सांगायला नको. २०१०मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले होते. तेव्हा बसलेला फटका इथले निर्यातदार विसरलेले नाहीत. आज एखाद्याने डावणीवर औषध विचारलं आणि बॉटने निर्यातीला न चालणारं नाव सांगितलं, तर नुकसान कोणाचं? अॅपचं नक्कीच नाही.

इथे उपाय तसा सोपा आहे. बॉटने उत्तरासोबत ते कुठल्या शिफारशीवरून दिलं हे दाखवावं, खात्री नसेल तर कृषी सहायकाचा नंबर द्यावा, आणि दिलेल्या उत्तरांची नोंद ठेवावी. तसंच, कळवण-सटाण्याकडचा शेतकरी अहिराणीत बोलला तर यंत्राला काय कळतं, याचीही चाचणी व्हावी. पुस्तकी मराठीवर शिकलेलं यंत्र खेड्यातल्या बोलीपुढे अडखळतं.

कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५मध्ये एआयसाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. विश्वास हा पाया, माणूस आधी, न्याय्य वागणूक, उत्तरदायित्व, समजेल अशी रचना अशी एकूण सात सूत्रं त्यात आहेत. ती वाचायला चांगली आहेत, पण तो कायदा नाही. मोडली तर शिक्षा नाही.

कायदा आहे तो २०२३चा, व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा. त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५मध्ये आले, पण मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. म्हणजे मे २०२७, पहिल्या अमृतस्नानाच्या जेमतेम अडीच महिने आधी. कुंभाची बहुतांश यंत्रणा त्याआधीच विकत घेतलेली असेल. एखाद्याच्या माहितीवरून त्याच्याबद्दल निर्णय होणार असेल तर ती माहिती अचूक आणि पूर्ण असावी, असं हा कायदा म्हणतो. सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाटही त्यात आहे. ‘यंत्राने माझ्याबद्दल हा निर्णय का घेतला’ हे विचारण्याचा स्पष्ट हक्क मात्र त्यात नाही.

पण आपल्या हातात जुनी हत्यारं आहेत, आणि ती बरीच धारदार आहेत. महाराष्ट्राच्या २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार अधिसूचित सेवा, म्हणजे उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला वगैरे, नाकारताना अधिकाऱ्याने लेखी कारण द्यावं लागतं. त्यावर अपील करता येतं आणि चूक सिद्ध झाली तर अधिकाऱ्याला दंडही होऊ शकतो. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(घ) तर सांगतं, की प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला देणं हे सार्वजनिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. २००५च्या या कायद्यात कुठेही ‘निर्णय संगणकाने घेतला असेल तर अपवाद’ असं लिहिलेलं नाही. मला तर वाटतं, सरकारी एआयसाठी नवा मोठा कायदा येईपर्यंत हे एक कलम नीट पाळलं तरी निम्मे प्रश्न सुटतील.

नाशिककरांनी आता काय विचारायचं?

विचारायची वेळ निविदा निघताना असते, कॅमेरे लागल्यावर नाही. महापालिका, पोलिस आयुक्तालय आणि कुंभमेळा प्राधिकरण यांना आत्ताच विचारता येईल : कॅमेरे फक्त मोजणार आहेत की ओळखणारही आहेत? ओळखणार असतील तर कोणाची यादी, किती टक्के साम्यावर, आणि इशारा आल्यावर प्रत्यक्ष खात्री कोण करणार? चित्रीकरण किती दिवसांनी पुसणार? मेळा संपल्यावर ही यंत्रणा कुठे जाणार? हा शेवटचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. सणासाठी आलेला कॅमेरा नंतर मोर्च्यावरही तसाच रोखता येतो.

कंपनीशी होणारा करारही पाहायला हवा. सॉफ्टवेअर कसं निर्णय घेतं हे ‘व्यावसायिक गुपित’ म्हणून झाकलं जाणार असेल, तर चूक झाल्यावर अधिकारी कंपनीकडे बोट दाखवणार आणि कंपनी अधिकाऱ्यांकडे. हेलसिंकी आणि अॅमस्टरडॅम या शहरांनी २०२०मध्येच महापालिका कुठे कुठे एआय वापरते, कशासाठी, जबाबदार कोण, याची नोंदवही सगळ्यांसाठी खुली केली. कॅनडात २०१९पासून सरकारी खात्याला असं सॉफ्टवेअर वापरण्याआधी त्याचा लोकांवर काय परिणाम होईल याची प्रश्नावली भरावी लागते. नाशिकला अशी एक पानाची यादी वेबसाइटवर टाकायला फार खर्च येणार नाही.

तुमचं नाव वगळलं गेलं असेल तर?

तोंडी उत्तरावर परत येऊ नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पोर्टलवर दिसणाऱ्या संदेशाचा स्क्रीनशॉट ठेवा. ‘मला अपात्र ठरवण्याचं कारण काय’ एवढंच न विचारता, कोणत्या विभागाच्या कोणत्या नोंदीवरून अपात्र ठरवलं, हे विचारा. चूक बहुतेकदा त्या मूळ नोंदीत असते. तिथे ती दुरुस्त झाली नाही, तर पुढच्या पडताळणीत नाव पुन्हा उडतं.

उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात तो ऑनलाइनही करता येतो. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. राज्याच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा लागतो, म्हणून मजकूर आटोपशीर ठेवा. साधारण असा : ‘माझा अर्ज क्रमांक अमुक. अमुक तारखेपासून लाभ थांबला आहे. (१) हा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम, (२) निर्णयासाठी वापरलेल्या नोंदीची प्रत, (३) निर्णयाआधी प्रत्यक्ष पडताळणी झाली असल्यास त्या अहवालाची प्रत, (४) अपील कोणाकडे करायचं त्या अधिकाऱ्याचं पदनाम आणि पत्ता, ही माहिती द्यावी.’